आत्मविकासाच्या निवासी शिबिराचा परिणाम वर्षभरानंतर मोजायचा कसा?

मोजपट्टी (धागाकर्ती)

शुक्रवारी रात्री मुंबईहून बस सुटते. कर्जत-लोणावळ्याच्या बाजूला सात दिवस मुक्काम, फोन जमा, दिवसाला दहा तास गटात काम. लहानपणच्या आठवणी, आईवडिलांना न पाठवायची पत्रं, उशा बडवणं, मौन. परतीची बस दादरला लागते तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात. तो आनंद खोटा नसतो. पण वर्षभराने त्यातलं किती उरतं, आणि उरलं ते शिबिरामुळेच हे कशावरून म्हणायचं, हा ह्या धाग्याचा विषय.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना आराखडा देते. बॅचला ४० जण, वर्षाला चार बॅच. पहिल्या दिवशी पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, गुण जास्त तेवढा त्रास जास्त) आणि डब्ल्यूएचओ-५ (मानसिक स्वास्थ्याची पाच विधानं, गुण जास्त तेवढं बरं) भरून घ्यायची. शेवटच्या दिवशी तीच पुन्हा, सोबत '१ ते १० मध्ये किती फायदा झाला?' हा प्रश्न. बारा महिन्यांनी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म. जेवढे भरतील त्यांची सरासरी.

ह्यात काय काय चुकतंय ते सांगा. स्वतःचे शिबिराचे अनुभव इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

सायन सर्कल

शेवटच्या दिवसापासूनच धरतो, कारण मोठा घोळ तिथे आहे.

पीएचक्यू-९ मधला प्रत्येक प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत' असा आहे. सातव्या दिवशी भरून घेतली तर त्या दोन आठवड्यांतले सात दिवस घरचे आणि सात शिबिरातले. शिबिरात माणूस दहाला झोपतो, आयतं जेवतो, ७:४२ ची फास्ट पकडत नाही, बॉसचा फोन घेत नाही. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. म्हणजे २७ पैकी ९ गुण असे, जे नुसत्या राहण्या-खाण्याच्या सोयीने हलतात. डब्ल्यूएचओ-५ चं तेच: तीही दोन आठवड्यांचंच विचारते आणि त्यात 'सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं' असं एक विधान आहे.

शेवटच्या दिवशी मोजायचंच असेल तर जेवण, झोपायची सोय आणि गटप्रमुख ह्यांबद्दल विचारा. परिणाम मोजू नका. 'किती फायदा झाला' ह्याला त्या दिवशी मिळणारे ९ आणि १० ही कृतज्ञता आहे. आणि समोर फॉर्म गोळा करायला ताई उभ्या असतात, त्याचाही परिणाम होतोच.

मोजायचे टप्पे असे ठेवा: नाव नोंदवताना, निघायच्या आदल्या दिवशी, मग परतल्यावर ६ आठवडे, ६ महिने, १२ महिने. जमल्यास २४. परतल्यावरचे ते पहिले सहा आठवडे मुद्दाम मोकळे सोडायचे.

चिमटा

सुरुवातीला दोनदा कशाला? लोक तिथेच कंटाळतील.

अंकलिपी

चिमटा, त्या दोन मोजण्यांमुळेच अर्धा खोटा परिणाम पकडता येतो. माणूस शिबिराला नाव कधी देतो? घरात मोठं भांडण झालं, नोकरी गेली, ब्रेकअप झालं की. म्हणजे त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बऱ्याच वाईट दिवसात. पुढे काहीही केलं नाही तरी तो थोडा वर येणारच. ह्याला सरासरीकडे परतणं म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ गाल्टनने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलेली हीच ती गोष्ट.

काल्पनिक आकडे घेऊन करून बघा. ज्या लोकांतून अर्ज येतात त्यांची पीएचक्यू-९ ची सरासरी समजा ६. नोंदणीच्या दिवशी आलेल्या गटाची सरासरी १४. दोन मोजण्यांमधला सहसंबंध (पहिल्या गुणांवरून दुसऱ्यांचा अंदाज किती येतो, ० ते १) ०.६. तर काहीही उपचार न करता दुसऱ्या वेळची अपेक्षित सरासरी ६ + ०.६ × (१४ − ६) = १०.८. ३.२ गुणांची घट फुकटात मिळाली, आणि अहवालात ती शिबिराच्या नावावर चढते.

नोंदणी आणि निघायचा दिवस ह्यांत सहा आठवडे असतील तर ही घसरण तुम्हाला डोळ्यांनी दिसते. सुरुवातीची पातळी म्हणून दुसरं मोजमाप धरायचं. तरी सगळी फुकट घट ह्याने निघत नाही, त्यासाठी तुलनागटच हवा, म्हणजे शिबिराला न गेलेली तशीच माणसं.

मोजपट्टी

तुलनागट आणायचा कुठून? लोक पैसे भरून येतात. 'तुम्ही नुसते फॉर्म भरा' असं कोणाला सांगणार?

वडाचं पान

जागा ४० आणि अर्ज ८० असतील तर काम सोपं आहे. चिठ्ठ्या टाका. निम्मे जानेवारीच्या बॅचला, निम्मे एप्रिलच्या. एप्रिलवाले तोवर तुमचा तुलनागट. नवरा-बायको, मैत्रिणी, एकाच ऑफिसातले जोडीने नाव देतात, त्यांची चिठ्ठी एकच करायची. नाहीतर एक जाऊन येतो आणि दुसऱ्याला घरी बसून सगळं शिकवतो. चिठ्ठ्या काढणारा माणूस अर्ज घेणारा नसावा. 'ह्या बाईंना फार गरज आहे, ह्यांना आधी घ्या' इथेच खेळ संपतो.

ह्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, प्रतीक्षायादीतला माणूस मुद्दामच थांबून राहतो: आता एप्रिलमध्ये शिबिर आहेच, मग समुपदेशकाकडे कशाला जाऊ. त्यामुळे तो नुसता घरी बसलेल्यापेक्षाही कमी सुधारतो आणि शिबिर आहे त्याहून भारी दिसतं. दुसरी, तीन-चार महिन्यांच्या पुढे कोणाला थांबवता येत नाही. एप्रिल उलटला की तुलनागट गायब, आणि तुमचा प्रश्न तर बारा महिन्यांचा. हॉफमन प्रोसेस ह्या आठवडाभराच्या निवासी पद्धतीवर २००६ साली छापलेल्या अभ्यासात पाठपुरावा वर्षभराचा होता, तुलनेला प्रतीक्षायादी होती. असा कुठलाही अभ्यास वाचताना आधी हे बघायचं की तुलनागट नक्की कितव्या महिन्यापर्यंत तुलनागट राहिला.

खरं उत्तर हवं असेल तर दुसरा गट त्याच जागी, तेवढेच दिवस, फोन जमा करून न्यायचा. सकाळी योगासनं, दुपारी फिरणं, संध्याकाळी गाणी. उपचार शून्य. कर्जतची हवा किती आणि उपचार किती, हे मग वेगळं दिसेल.

चिमटा

आणि त्या दुसऱ्या गटाचे पैसे कोण भरणार? कागदावर छान आहे.

वडाचं पान

शिबिर घेणाऱ्यांनी. 'आयुष्य बदलतं' असं पत्रकावर छापायचं असेल तर तेवढा खर्च त्यांचाच. नसेल परवडत तर पत्रकावर 'आलेल्यांना आवडतं' एवढंच छापावं.

अंकलिपी

खर्चाचा विषय निघालाच आहे तर किती माणसं लागतात तेही बघू. मध्यम परिणाम (प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गुणांच्या पसाऱ्याच्या मापाच्या, निम्मा) पकडायला, ८० टक्के ताकद (असलेला परिणाम सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात ६४ लागतात. परिणाम ०.३ एवढाच असेल तर सुमारे १७५. वर्षभर टिकणारा फरक ०.५ पेक्षा ०.३ च्या जवळ असेल असंच धरून चालावं.

वर आणखी एक गोष्ट शिबिरवाले हमखास विसरतात. आठ जणांचा छोटा गट एकत्र रडतो, एकत्र हसतो, त्यांचे गुण एकमेकांसारखे होतात. ती आठ सुटी माणसं राहत नाहीत. गटांतर्गत साम्य ०.०५ धरलं तरी १ + ७ × ०.०५ = १.३५ ने गुणायचं. ६४ चे ८७ झाले. त्यात ३० टक्के गळती धरली तर एका बाजूला १२५. म्हणजे ४० च्या एका बॅचवर काढलेला कुठलाही निष्कर्ष हवेतला.

कुर्ला टर्मिनस

गळतीवर कोणी बोलेना, म्हणून मी. माझ्या मते दीर्घकालीन मोजमापात ७० टक्के काम हेच आहे. बाकीचं गणित पुस्तकात मिळतं.

समजा १२० जण शिबिराला आले. बारा महिन्यांनी ६६ जणांनी फॉर्म भरला, त्यातले ४४ सुधारलेले. अहवालात छापून येतं '६७ टक्के लोकांमध्ये टिकाऊ सुधारणा'. १२० पैकी काढा: ३७ टक्के. न आलेले ५४ च्या ५४ सुधारले असं धरलं तर ८२ टक्के. म्हणजे तुमच्या विदाचं (डेटाचं) खरं उत्तर '३७ ते ८२ च्या मध्ये कुठेतरी' असं आहे. गळालेले आणि राहिलेले ह्यांचे सुरुवातीचे गुण शेजारी ठेवून बघा. जास्त गुणवालेच गळाले असतील तर काय समजायचं ते समजा.

गळती थांबवायची तर नोंदणीच्या दिवशीच. तीन नंबर घ्यायचे: स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅपचा, दुसरं सिम, आणि घराबाहेरच्या एका माणसाचा, म्हणजे बहीण किंवा जुना मित्र, ज्याला पत्ता बदलला तर माहीत असेल. त्या तिसऱ्या माणसाला 'फक्त नवा नंबर विचारू, दुसरं काही नाही' असं संमतिपत्रात लिहून द्यायचं. मुंबईत भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे बाराव्या महिन्यात टपालाचा भरवसा नाही.

फोन कोणी करायचा? शिबिरातल्या दादा-ताईंनी मुळीच नाही. त्यांना 'नाही हो, काही फरक पडला नाही' असं कोण सांगेल? शिबिराशी संबंध नसलेला, प्रश्नावली वाचायला शिकवलेला माणूस हवा. नंबर नेहमी एकच ठेवायचा आणि आधी मेसेज करायचा, नाहीतर लोन विकणारा समजून कापतात.

वेळ साडेसहा ते साडेआठ नको. त्या वेळी माणूस लोकलमध्ये लटकलेला असतो आणि उचलला तरी घाईघाईत 'नाही, नाही, बिलकुल नाही' म्हणत नऊही प्रश्न संपवतो. लेडीज डब्यात चार बायका चिकटून उभ्या असताना 'मरून जावं असं वाटलं का' ह्याला कोणीही 'नाही'च म्हणणार. उचलल्यावर पहिला प्रश्न 'आत्ता एकट्या आहात का?' नसेल तर वेळ ठरवून ठेवायचा. रविवारी सकाळी अकरा ते एक चांगली वेळ. तीन मेसेज, वेगवेगळ्या दिवशी तीन फोन, तरी नाही तर शेवटी डब्ल्यूएचओ-५ ची पाचच विधानं पाठवायची. पाच प्रश्न लोक भरतात, पन्नास भरत नाहीत.

आणि भाषा. नोंदणीचा फॉर्म इंग्रजी, वर्षाने फोनवर मराठी, असं केलं की दोन वेगळ्या फुटपट्ट्या झाल्या. पीएचक्यू-९ चं मराठी रूप उपलब्ध आहे आणि वापरायला परवानगी लागत नाही. पहिल्या दिवशी ज्या भाषेत, शेवटपर्यंत त्याच भाषेत. पहिल्या दिवशी फोनवर, तर शेवटपर्यंत फोनवर.

सायन सर्कल

+१. लेडीज डब्याचा मुद्दा प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत घालायला हवा.

निरभ्र

एका माणसाचं 'सुधारला' कशावरून ठरवायचं ते अजून आलं नाही. कुर्ला टर्मिनस ह्यांचे ते ४४ कोणत्या नियमाने सुधारले?

जेकबसन आणि ट्रूआक्स ह्यांची १९९१ ची रीत अजून सर्वात कामाची. विश्वासार्ह बदलाचा निर्देशांक, आरसीआय. (क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांना लायसन्स देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या आरसीआयशी संबंध नाही. आपल्याकडे क्लिनिकलवाल्यांसमोर हा शब्द काढला की आधी लायसन्सचीच चर्चा सुरू होते.)

प्रमाण विचलन ५, चाचणी-पुनर्चाचणी विश्वासार्हता (पुन्हा मोजल्यावर तेच गुण कितपत येतात) ०.८४ धरा. मोजमापाची चूक = ५ × √(१ − ०.८४) = ५ × ०.४ = २. दोन मोजण्यांमधल्या फरकाची चूक = २ × १.४१ = २.८३. गुणिले १.९६ = ५.५. म्हणजे ६ गुण उतरल्याशिवाय तो बदल मोजपट्टीच्या थरथरण्यापेक्षा मोठा मानता येत नाही.

आता १२ वरून ७ वर आलेली बाई घ्या. नैराश्य मानायची १० ची रेषा ओलांडून खाली आली, पण घट ५ च. १८ वरून ११ वर आलेला पुरुष: घट ७, विश्वासार्ह, पण रेषेच्या वरच. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच 'बरा' म्हणायचं. पीएचक्यू-९ साठी ५ गुणांचा सुटसुटीत नियमही बरेच जण वापरतात. कुठलाही घ्या, पण विदा हाती यायच्या आधी लिहून ठेवा. नंतर दोन्ही लावून जो गोड आकडा देतो तो छापायचा, हे चालणार नाही.

नमुना आराखड्यातली खरी चूक मात्र वेगळीच आहे. आत्मविकासाला येणारे बरेच जण आजारी नसतातच. ज्याचा पीएचक्यू-९ चार आहे तो सहाने उतरणार कसा? जमिनीला पाठ टेकलेल्याला खाली बस म्हणण्यासारखं आहे. तो तुमच्या हिशेबात 'न सुधारलेला' ठरतो आणि सरासरी कायम भुईसपाट. अशा गटासाठी डब्ल्यूएचओ-५ (कच्चे गुण ० ते २५, गुणिले ४, म्हणजे ० ते १००) मुख्य ठेवा. जोडीला डीनर ह्यांची जीवन-समाधानाची पाच विधानं, ५ ते ३५. पीएचक्यू-९ फक्त धोका ओळखायला.

अंकलिपी

जमिनीचा मुद्दा फार महत्त्वाचा. अर्धे अहवाल इथेच पडतात.

मोजपट्टी

एक अडचण. पहिल्या दिवशी लोक लिहितात 'मी शांत स्वभावाचा आहे'. शिबिरात त्यांना पहिल्यांदाच कळतं की आपण किती चिडतो. मग सहा आठवड्यांनी शांतपणाचे गुण खाली! शिबिरवाले म्हणतात की हीच तर प्रगती.

निरभ्र

ह्याला प्रतिसाद-सरक म्हणता येईल. माणसाची आतली फुटपट्टीच बदलते. उपाय म्हणून शेवटी एक जादा प्रश्न विचारतात: 'आज मागे वळून बघता, तेव्हा तुम्ही किती चिडत होता?' आणि ह्या 'तेव्हा'शी तुलना करतात.

चिमटा

आणि हाच उपाय शिबिरवाल्यांना का आवडतो? कारण त्यात गुण हमखास वाढतात. कॉनवे आणि रॉस ह्यांचा १९८४ चा प्रयोग बघा. अभ्यासाची कौशल्यं वाढवायचा वर्ग घेतला, विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण वाढले नाहीत. पण त्यांना 'आधी तुम्ही कसे होता' विचारलं तर त्यांनी आपलं 'आधी' प्रत्यक्षात नोंदवलं होतं त्यापेक्षा वाईट सांगितलं. सुधारणा दाखवायला वर्तमान हलवायला लागत नाही, भूतकाळ खाली ढकलला की झालं.

निरभ्र

मान्य. 'तेव्हा'चे गुण घ्यावेत, पण छापताना वेगळ्या रकान्यात. मुख्य निष्कर्ष त्यावर उभारू नये.

वडाचं पान

म्हणून वागणं मोजा. किरेसुक आणि शेरमन ह्यांची १९६८ ची ध्येयपूर्तीची पट्टी अशा कामाला छान बसते. प्रत्येकाने दोन-तीन ध्येयं स्वतः निवडायची, पाच पायऱ्या आधीच लिहायच्या. उदाहरणार्थ 'कामावरून आल्यावर मुलांवर ओरडणं':

−२: आठवड्यातून ६-७ दिवस
−१: ४-५ दिवस (आजची स्थिती)
०: २-३ दिवस (अपेक्षित)
+१: १ दिवस
+२: एकही दिवस नाही

आजची स्थिती −१ वर ठेवायची, म्हणजे बिघडलं तर नोंदवायला खाली जागा राहते. ती −२ वर ठेवली की कोणी कधी बिघडतच नाही, फार सोयीचं. ध्येय मोजता येईल असं हवं. 'स्वतःवर प्रेम करणं' आलं की परत पाठवायचं: ते केल्यावर मंगळवारी संध्याकाळी काय वेगळं दिसेल, ते लिहा.

घरच्या एका माणसाचा फॉर्मही घ्यावा, वेगळ्या नंबरवर, वेगळ्या लिंकने. पण त्यात एक मेख आहे. सुनेने 'नाही म्हणायला शिकणं' हे ध्येय घेतलं आणि ते जमलं, तर सासूबाईंच्या फॉर्मात 'हल्ली उलट उत्तरं देते' अशी नोंद येणार. उपचाराचं यश घरच्यांकडे अपयश म्हणून मोजलं जातं. म्हणून घरच्यांना 'बरी आहे का?' असं मत विचारू नये, किती वेळा काय घडलं ते विचारावं.

सायन सर्कल

बिघाडाबद्दल कोणी फार बोलत नाही, शिबिरवाले तर नाहीच. लीबरमन, यालोम आणि माइल्स ह्यांनी स्टॅनफर्डला दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांवर एन्काउंटर गटांचा (एकमेकांसमोर भावना उघड बोलायच्या गटांचा) अभ्यास केला, तो १९७३ ला छापून आला. सुमारे आठ टक्क्यांना टिकाऊ मानसिक इजा झाली होती. आणि गटप्रमुखांना ते बहुतेक कळलंच नव्हतं. गटातल्या इतरांनी मात्र बरोबर नावं सांगितली. आक्रमक, करिष्म्याच्या प्रमुखांच्या गटांत इजा जास्त. म्हणून सहा आठवड्यांच्या फॉर्ममध्ये 'तुमच्या गटात कोणाला त्रास झाला असं वाटलं का?' हा प्रश्न टाका. फुकटचा आहे आणि सर्वात जास्त सांगतो.

सरासरीसोबत विश्वासार्हरीत्या बिघडलेल्यांची टक्केवारी छापा. एरवीच्या मानसोपचारातही मोठ्यांमध्ये ५ ते १० टक्के बिघडतात असं मानलं जातं, त्यामुळे कोणी 'शून्य' छापलं तर ते मोजलेलं नाही असं समजावं.

पीएचक्यू-९ च्या नवव्या (मरणाच्या विचारांच्या) प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन गेला पाहिजे, आणि कोण करणार त्याचं नाव आधी ठरलेलं हवं. गूगल फॉर्म रविवारी रात्री भरला आणि महिनाअखेरीला उघडला, हा निष्काळजीपणा आहे. तेवढं मनुष्यबळ नसेल तर तो प्रश्न विचारूच नका, आठ प्रश्नांचं रूप वापरा. फॉर्मच्या खाली टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मात्र हवाच, चोवीस तास चालतो.

कुर्ला टर्मिनस

जाता जाता, नोंदणी. चिठ्ठ्या टाकून अभ्यास करणार असाल तर आधी एथिक्स कमिटी, मग सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंद, मग पहिला माणूस. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. मुख्य मोजमाप कोणतं आणि कितव्या महिन्याचं, हे तिथे एकदा लिहिलं की नंतर सोयीचा महिना निवडता येत नाही. नावं एका फाइलमध्ये, गुण दुसरीत, मध्ये फक्त सांकेतिक क्रमांक. दोन्ही फाइल एकाच लॅपटॉपवर नकोत.

आणि प्रत्येक टप्प्याला एवढं जरूर विचारा: मध्ये गोळ्या सुरू झाल्या का, समुपदेशन घेतलं का, दुसरं शिबिर केलं का. शिबिरांची सवय लागलेली माणसं बाराव्या महिन्यापर्यंत इगतपुरीचे विपश्यनेचे दहा दिवसही करून आलेली असतात.

मोजपट्टी

शेवटचा प्रश्न. बॅच ऑगस्टअखेरची असेल तर बारावा महिना गणपतीत येऊ शकतो. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. २७ ऑगस्ट २०२४ ला परतलेल्याचा बारावा महिना बरोबर चतुर्थीला भरला. पुढे ढकलायचं का?

अंकलिपी

डब्ल्यूएचओ-५ मधलं 'आनंदी, उत्साही वाटलं' वर जाईल. 'ताजंतवानं उठलो' खाली जाईल, मखराला रात्री दोन वाजलेले असतात. एकूण गुण तेवढेच राहतील आणि कोणाला काही कळणार नाही. आधी-मागे चौदा दिवसांची मुभा पहिल्या दिवशीच नियमात लिहा, अनंत चतुर्दशीनंतर एक आठवडा सोडून सुरू करा, त्यात बसत नसेल तर तारखेवरच करा. पण योगासनांच्या गटालाही त्याच पंधरवड्यात फोन गेला पाहिजे. गणपती दोघांच्या घरी आलेले असले की फरकातून ते आपोआप वजा होतात.